मिनेसोटाचे सरकारी ट्रेल आणि त्यामागचा पैसा: करदात्याच्या बाजूने केलेलं परीक्षण

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या डांबरी ट्रेलवर, म्हणजे चालण्या-सायकलीसाठी बांधलेल्या वाटांवर, तिकीटखिडकी नाही. सायकल घेऊन जा, चालत जा, व्हीलचेअर न्या, कोणी पास विचारत नाही. त्यामुळे ही सेवा फुकट आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तिचे पैसे मात्र आपण दुकानात बिल देताना आधीच मोजलेले असतात. पैसे मोजून घेतलेल्या कुठल्याही सेवेसारखीच तिची तपासणी व्हायला हवी: काय घेतलं, काय दिलं, कुठे कमी पडलं.

आधी बिल बघू. राज्याचा विक्रीकर ६.८७५ टक्के आहे. त्यातला शेवटचा ०.३७५ टक्का नोव्हेंबर २००८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून स्वतःवर लावून घेतला. १ जुलै २००९ पासून तो वसूल होतो आणि ३० जून २०३४ ला संपतो. या जादा कराचे चार वाटे घटनेतच लिहिलेले आहेत: ३३ टक्के स्वच्छ पाण्याला, ३३ टक्के वन्यजीवांच्या अधिवासाला, १९.७५ टक्के कला आणि सांस्कृतिक वारशाला, आणि उरलेले १४.२५ टक्के उद्यानं व ट्रेलना. हजार डॉलरचा लॅपटॉप घेतला तर ३ डॉलर ७५ सेंट या जादा कराचे, ज्याला लेगसी (वारसा) कर म्हणतात, जातात आणि त्यातले साधारण ५३ सेंट उद्यान-ट्रेल निधीत पडतात. कपडे आणि किराणा यांवर राज्याचा विक्रीकर नाही, त्यामुळे त्या खरेदीतून निधीला काही मिळत नाही.

त्या ५३ सेंटचेही पुढे तीन भाग होतात. ४० टक्के, म्हणजे २१ सेंट, राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे जातात. या खात्याला सगळे डीएनआर म्हणतात. तेवढेच २१ सेंट मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरातल्या सात काउंट्यांच्या प्रादेशिक उद्यानांना, मेट्रोपॉलिटन कौन्सिलमार्फत. उरलेले २० टक्के, अंदाजे ११ सेंट, महानगराबाहेरच्या प्रादेशिक उद्यानांना आणि ट्रेलना. या शेवटच्या वाट्यासाठी २०१३ मध्ये वेगळा आयोग नेमला गेला.

या सेवेतली सगळ्यात भक्कम गोष्ट हीच रचना आहे. बहुतेक ठिकाणी उद्यानांचा पैसा सर्वसाधारण तिजोरीतून येतो आणि मंदी आली की पहिली कात्री त्यालाच लागते, कारण शाळा आणि दवाखान्यांपुढे बागेची बाजू मांडायला कोणी धजत नाही. इथे वाटा घटनेत लिहिलेला असल्याने विधिमंडळाला तो दुसरीकडे वळवता येत नाही. कोणत्या कामाला किती, एवढंच ते ठरवतं. शिवाय हा पैसा पूर्वापार चालत आलेल्या तरतुदीत भर घालण्यासाठी आहे, तिची जागा घेण्यासाठी नाही, असंही घटनेत स्पष्ट आहे. या अटीचा धाक आहे, पण ती मोजायची कशी हा प्रश्न सुटलेला नाही. सर्वसाधारण तिजोरीतली रक्कम आकड्यात तेवढीच ठेवली आणि मजुरी, डांबर, डिझेल महागत गेलं, तर कागदावर कपात दिसत नाही. जमिनीवर ती होतेच.

लेगसी कर हा एकमेव झरा नाही, आणि या सेवेबद्दलच्या बहुतेक तक्रारी चुकीच्या दारावर जातात त्या याच कारणाने. राज्याच्या लॉटरीच्या निव्वळ उत्पन्नातले ४० टक्के पर्यावरण व नैसर्गिक संसाधन न्यासात जमा होतात. हा न्यास १९८८ सालचा. त्यातून काय खर्च करायचा याची शिफारस १७ जणांचं मंडळ करतं: पाच प्रतिनिधी, पाच सिनेटर, सात नागरिक. दरवर्षी न्यासाच्या बाजारमूल्याच्या ५.५ टक्क्यांपर्यंत खर्च करता येत असे. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात ही मर्यादा ७ टक्के झाली आणि लॉटरीचा वाटा २०५० पर्यंत वाढवून मिळाला. लॉटरीच्या तिकिटांवर विक्रीकराऐवजी घेतला जाणारा ६.५ टक्क्यांचा वेगळा कर आहे, त्यातलाही एक भाग उद्यानं आणि ट्रेलकडे येतो. स्नोमोबाइलच्या वाटांचा हिशोब आणखी निराळा. त्यांचा पैसा गाड्यांच्या नोंदणी शुल्कातून आणि पेट्रोलवरच्या कराच्या एका टक्क्यातून येतो, आणि वीस हजार मैलांहून जास्त लांबीच्या त्या वाटा बहुतांशी स्थानिक क्लब अनुदान घेऊन सांभाळतात. डांबरी ट्रेलला भेगा पडल्या म्हणून स्नोमोबाइलच्या खात्याकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नाही.

शिवाय रोखे आहेत. मोठा पूल, नवा टप्पा, जमीन खरेदी अशी भांडवली कामं राज्य कर्जरोखे काढून करतं, आणि त्यासाठी दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात: प्रतिनिधिगृहात १३४ पैकी ८१, सिनेटमध्ये ६७ पैकी ४१. एका पक्षाकडे एवढं बळ क्वचितच असतं. म्हणून अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात हे विधेयक ओलीस धरलं जातं आणि कधी कधी बुडतंही. २०२२ आणि २०२४ मध्ये ते मंजूरच झालं नाही. २०२३ मध्ये मात्र सुमारे २.६ अब्ज डॉलरचं पॅकेज निघालं. त्याच वर्षी उद्यानं, नौकाघाट, तंबूचे तळ आणि मत्स्यबीज केंद्रांच्या आधुनिकीकरणासाठी डीएनआरला १४ कोटी ९९ लाख डॉलर एकरकमी मिळाले. एक वर्ष पूर आणि दोन वर्षं कोरड, अशा पैशावर पुलांचं वेळापत्रक आखणं कठीण जातं. ठेकेदारही त्या अनिश्चिततेची किंमत निविदेत लावतात.

आता प्रत्यक्ष माल कसा आहे ते पाहू.

नव्याने बांधलेले किंवा नुकतेच मुळापासून दुरुस्त केलेले टप्पे उत्तम आहेत. सेंट पॉलहून निघणारा १८ मैलांचा गेटवे ट्रेल जुन्या सू लाइन रेल्वेच्या भरावावर आहे. रेल्वेला चढ मानवत नाही, त्यामुळे चढण नावापुरती, आणि लहान मुलाला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसालाही तो झेपतो. त्याच्या एका भागाला लागून घोड्यांसाठी कच्ची वाट आहे. त्यातून फुटणारा ब्राउन्स क्रीक ट्रेल ५.९ मैल लांब आहे आणि एका थंड पाण्याच्या ट्राउट ओढ्याच्या कडेने स्टिलवॉटर गावात उतरतो. त्याच रुळांवरून पूर्वी पर्यटकांसाठी जेवणाची रेल्वे धावायची. ती बंद पडल्यावर राज्याने मार्ग विकत घेतला. रेल्वेमार्ग एकदा तुकड्यातुकड्यांनी विकला गेला की तो पुन्हा सलग जोडणं जवळपास अशक्य होतं. म्हणून अशा खरेदीला वेळेवर हाताशी रोख असणं, हा खात्रीच्या निधीचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा.

आग्नेय कोपऱ्यातला फाउंटन ते ह्यूस्टन हा ४२ मैलांचा रूट रिव्हर ट्रेल देखाव्याच्या बाबतीत पहिल्या क्रमांकाचा. त्याला जोडलेला हार्मनी-प्रेस्टन व्हॅली ट्रेल १८ मैलांचा आहे. शेवटच्या भागात त्याला खरी चढण आहे, रेल्वेच्या भरावाची सवय झालेल्यांनी गिअर तपासून जावं. उत्तरेकडचा पॉल बन्यन ट्रेल शंभर मैलांहून लांब आहे. पण मधल्या गावांत पाणी आणि स्वच्छतागृहं गावांच्या ताब्यातली असतात, आणि ऋतू संपला की त्यांना कुलूप लागतं. ट्रेल राज्याचा, नळ गावाचा. दोन्हींचं वेळापत्रक एक नाही.

या सेवेची खरी परीक्षा डांबर टाकून दहा-पंधरा वर्षं झाली की सुरू होते. मिनेसोटात उन्हाळ्यात डांबर तापून मऊ होतं आणि हिवाळ्यात उणे तापमानात आक्रसतं. ट्रेलची पट्टी साधारण दहा फूट रुंद आणि डांबराचा थर दोन-तीन इंचांचा, त्यामुळे हा ताण आडव्या भेगांतून बाहेर पडतो. पाणी भेगेत उतरतं, खालच्या मातीत गोठतं, फुगतं आणि भेगेच्या दोन्ही कडा वर उचलतं. सायकलस्वाराला ठरावीक अंतराने धक्के बसतात, व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडकतात, आणि रोलरब्लेड घालणारा तर तोंडावर आपटतो.

यावरचा इलाज महाग नाही, वेळेवर व्हायला हवा एवढंच. भेग बोटाएवढी रुंद व्हायच्या आत ती यंत्राने कोरून, हवेने साफ करून, कोरडी असताना गरम सीलरने भरायची. भेग ओली असताना भरली तर सीलर पहिल्याच हिवाळ्यात सुटून येतो. हे काम चुकलं की पुढे वरून नवा थर टाकण्याची वेळ येते, आणि तिथे पैसे वाया जायला सुरुवात होते: खालची भेग तशीच असते, दोन-तीन हिवाळ्यांत ती नव्या थरातून वर डोकावते. भेगा खोलवर गेल्या असतील तर जुना थर खडीसकट दळून, तोच पाया म्हणून दाबून, वर नवं डांबर टाकणं हाच टिकाऊ उपाय. खर्च जास्त, पण तो एकदाच.

दुसरा शत्रू मुळं. अॅस्पेन, पॉप्लर, सुमॅक ही झाडं जमिनीखालून फुटवे सोडतात आणि तो फुटवा डांबर फोडून वर येतो. कडेची दोन-तीन फूट पट्टी नियमित कापत राहिलं तर बराच बंदोबस्त होतो. उन्हाळ्यात कापणीच्या फेऱ्या कमी केल्या की परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतो, तोवर ती बचत करणारं अंदाजपत्रक विस्मरणात गेलेलं असतं. तिसरा मुद्दा मोऱ्यांचा. रेल्वेने बसवलेल्या जुन्या मोऱ्या कित्येक ठिकाणी अजून त्याच आहेत, तळ गंजलेले. बीव्हरने तोंडाशी बांध घातला की पाणी भरावावर चढतं आणि एका पावसात दहा-वीस फुटांचा तुकडा वाहून जातो. जून २०१२ च्या पुरात डलुथजवळ काय झालं ते अनेकांना आठवत असेल. विलार्ड मंगर ट्रेलचे भाग तुटले आणि जे कुक उद्यानातला झुलता पूल मोडला. पूल पुन्हा उभा राहून खुला व्हायला २०१३ चा शेवट उजाडला.

माझं मत इथे स्पष्ट आहे: ही व्यवस्था बांधण्यात हुशार आहे, सांभाळण्यात मध्यम. २०११ मध्ये केलेल्या पंचवीस वर्षांच्या आराखड्याच्या चार खांबांपैकी एक खांब 'जे आहे ते सांभाळणं' हाच आहे, आणि लेगसीचा पैसा जुन्या टप्प्यांच्या पुनर्बांधणीला लागतोही. पण रोखे रोजच्या देखभालीला वापरता येत नाहीत, ते फक्त भांडवली कामाला. सीलर भरणं, गवत कापणं, मोरी उपसणं हे पगारी माणसांचं काम आहे आणि त्याचा पैसा वर्षाच्या वर्षाला लागतो. नव्या टप्प्याला फीत कापण्याचा समारंभ असतो, मोरी उपसण्याला नसतो. महानगरातल्या प्रादेशिक उद्यानांच्या चालू खर्चाचा ४० टक्के भार राज्याने उचलावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात राज्याचा वाटा त्या उद्दिष्टाच्या जवळपासही पोचत नाही आणि फरक स्थानिक मालमत्ता कर भरून काढतो. याबाबतीत राज्याला नापासच करावं लागेल.

छोट्या गावाच्या नगर परिषदेला हीच सेवा अनुदान म्हणून मिळते, आणि तिथे अनुभव बराच वेगळा असतो. स्थानिक ट्रेल-जोडणीच्या अनुदानात राज्य ७५ टक्के देतं, कमाल अडीच लाख डॉलर. २५ टक्के गावाने रोख उभे करायचे. यात तीन ठिकाणी हमखास ठेच लागते.

पहिली: पैसे आधी मिळत नाहीत. काम करा, ठेकेदाराचं बिल चुकवा, पावत्या जोडा, मग परतावा. ज्या गावाची वर्षाची शिल्लकच तुटपुंजी आहे, त्याला मधल्या महिन्यांसाठी रोकड कुठून आणायची हे अर्ज करण्याआधी बँकेशी बोलून ठरवावं लागतं. करारावर सही होण्याआधी केलेला खर्च परताव्यात धरला जात नाही, म्हणून घाईने खोदकाम सुरू करणं महागात पडतं.

दुसरी: जमीन. शेतकऱ्याचा तोंडी होकार चालत नाही. मालकी किंवा नोंदवलेला वापरहक्क हातात हवा. एका तुकड्याचा वापरहक्क राहिला तर सगळी लांबी लटकते. पाणथळ जमीन, दुर्मीळ प्रजाती, पुरातत्त्व यांच्या तपासण्याही वेळखाऊ आहेत, त्या अर्जासोबतच सुरू केलेल्या बऱ्या.

तिसरी ठेच सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी वाचली जाते: अनुदान घेतलं की वीस वर्षं देखभाल गावाच्या माथी. अडीच लाखांचा आनंद पहिल्या वर्षी, सीलरचं बिल पाचव्या, मोऱ्यांचं दहाव्या, नव्या थराचं अठराव्या. अर्जाच्या दिवशीच देखभालीचं वेगळं खातं उघडून दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला टाकणारी गावं पुढे निभावतात. इतरांचे ट्रेल पंधराव्या वर्षी 'सावकाश चालवा' या फलकापाशी येतात.

महानगराबाहेरच्या मोठ्या प्रकल्पांसाठी प्रादेशिक आयोगाचं दार आहे. तिथे थेट पैशांचा अर्ज करता येत नाही. आधी उद्यान किंवा ट्रेल 'प्रादेशिक' म्हणून मान्य व्हावा लागतो, मग बृहत् आराखडा मंजूर व्हावा लागतो, आणि त्यानंतर निधीच्या रांगेत नंबर. पहिल्या अर्जापासून खडी पडेपर्यंत काही वर्षं जातात. ही पद्धत संथ आहे, पण मला ती पटते. २० टक्क्यांच्या छोट्या वाट्यातून प्रत्येक आमदाराच्या गावाला एकेक बाक वाटण्यापेक्षा निकषांवर गुण देऊन थोडी कामं पुरी केलेली चांगली.

पारदर्शकतेला मात्र मनापासून दाद द्यावी लागेल. लेगसीच्या पैशातून झालेल्या कामावर लेगसीच्या बोधचिन्हाचा फलक शोधा, आणि त्या कामाचं नाव राज्याच्या लेगसी संकेतस्थळावर घाला. कोणत्या वर्षीची तरतूद, किती रक्कम, कोणाला, कशासाठी, काम कधी संपणार, हे तिथे नोंदवलेलं असतं. नोंदी सारख्या दर्जाच्या नाहीत. काही ठिकाणी 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात नुसती पोकळ वाक्यं दिसतात. तरी आपल्या घरामागच्या ट्रेलच्या अडीच मैलांना किती लागले हे कोणालाही न विचारता कळतं, अशी सोय फार थोड्या सरकारी सेवांत आहे.

तक्रार करायची तर पत्ता नीट पाहून करा. खड्डा, पडलेलं झाड, तुटलेला कठडा यांसाठी डीएनआरच्या त्या भागातल्या ट्रेल कार्यालयाला मैलाच्या दगडाचा आकडा आणि फोटो पाठवा. 'पुलाजवळ' एवढंच लिहिलं तर कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस शोधण्यात जातो. पैशाबद्दलचं म्हणणं विधिमंडळात मांडायचं. दोन वर्षांचं अंदाजपत्रक आणि लेगसीचं विधेयक विषम वर्षांत येतं, नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, आणि अधिवेशन मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारपर्यंत संपवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पाठवलेलं पत्र उशिराचं असतं, कारण तोवर समितीत आकडे बसलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, समितीच्या सुनावणीआधी, एका ठरावीक टप्प्याचं नाव आणि कामाचा प्रकार लिहून पाठवलेलं पत्र उपयोगी पडतं.

घटनेतला पैसा आपोआप खर्च होत नाही, त्यासाठीही विधिमंडळाला दर वेळी कायदा करावा लागतो. जुलै २०११ मध्ये अंदाजपत्रकावर एकमत झालं नाही आणि राज्य सरकार सुमारे तीन आठवडे बंद पडलं. चार जुलैच्या ऐन सुट्टीत सरकारी उद्यानांची फाटकं बंद होती. तेव्हाही लेगसी कर प्रत्येक बिलावर वसूल होत होता.

प्रवेशाबद्दल थोडक्यात: ट्रेलला शुल्क नाही, पण राज्य उद्यानात गाडी न्यायची तर दिवसाचा किंवा वर्षाचा परवाना विकत घ्यावा लागतो. वर्षाचा परवाना घेतलेल्या महिन्यापासून वर्षभर चालतो, म्हणून तो डिसेंबरअखेर संपेल या भीतीने उन्हाळ्याची वाट बघत थांबू नका. उद्यान-ट्रेलची खास नंबरप्लेट घेतली तर वर्षाला ठरावीक किमान देणगी द्यावी लागते आणि प्रवेश त्यातच येतो. देणगी थेट उद्यानं आणि ट्रेलच्या कामाला जाते, त्यामुळे वारंवार जाणाऱ्यांना मी हीच सुचवेन. हिवाळ्यात राखलेल्या वाटांवर स्की करायची तर स्कीचा वेगळा पास लागतो.

गुण द्यायचेच तर रचनेला पाचपैकी पाच, जमीन खरेदी आणि नव्या बांधणीला साडेचार, हिशोबाच्या खुलेपणाला चार, छोट्या गावांच्या सोयीला तीन, देखभालीला अडीच. हे अडीच वर न्यायचे असतील तर दोन बदल हवेत: प्रत्येक नव्या मैलासोबत त्याच्या वीस वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच विधेयकात दाखवणं, आणि सीलर व मोऱ्यांसाठी विधिमंडळाने दर दोन वर्षांनी वेगळी, नावानिशी ओळ ठेवणं.

२०३४ फार लांब नाही. हा कर पुढे चालू ठेवायचा तर पुन्हा घटनादुरुस्ती लागेल आणि ती आधी विधिमंडळाने मतपत्रिकेवर आणावी लागेल. मिनेसोटात घटनादुरुस्तीला त्या निवडणुकीत मत देणाऱ्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त 'हो' लागतात. तो प्रश्न कोरा सोडलेली मतपत्रिका 'नाही' म्हणून मोजली जाते.